पुलावर रुसणारी गाडी

मुलांनो, मुंबईहून वाशीचा खाडीपूल ओलांडला की नवी मुंबई सुरू होते. पाहुणे आले की नवी मुंबईकर त्यांना काय काय दाखवतात? पाम बीच रस्ता, बेलापूरचा किल्ला, पावसाळ्यात खारघरची हिरवीगार टेकडी, आणि हिवाळ्यात खाडीच्या चिखलात थव्यांनी उतरणारे गुलाबी रोहित पक्षी. तुर्भ्याला मात्र पाहुण्यांना कुणी नेत नाही! तिथं ट्रकांच्या रांगा, कांद्या-बटाट्याच्या गोण्या, मसाल्याचा खकाणा आणि रस्त्यावर सांडलेलं काळं ऑईल. पण यंत्रांची आवड असलेल्या मुलांनी एकदा तरी बघावी अशी एक गोष्ट याच भागात आहे. ती म्हणजे गाड्यांचे दवाखाने.

रेडिएटरला डाग देणारे, ट्रकचे पाटे बसवणारे, बॅटरीवाले, टायरवाले, वेल्डिंगवाले. दुकान कसलं, कित्येकदा पत्र्याचं छप्पर आणि समोर एक बाकडं, एवढंच. तरी रोज कितीतरी आजारी गाड्या इथं ढकलत आणल्या जातात आणि आपल्या चाकांवर परत जातात.

हे दवाखाने इथंच का जमले? त्याचं उत्तर शहराच्या जन्मकथेत आहे. नवी मुंबई आधी कागदावर जन्मली आणि मग जमिनीवर. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' या नियतकालिकात कल्पना मांडली, की मुंबई उत्तरेला लांबवत नेण्यापेक्षा खाडीच्या पलीकडे नवं शहर वसवावं. त्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. आगरी-कोळी लोकांच्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी निवडली गेली. १९७३ साली वाशीचा पहिला खाडीपूल वाहतुकीला खुला झाला. लोकल गाडी मात्र वाशीला पोचली १९९२ साली! मधली एकोणीस वर्षं पुलावरून जायचं ते बसनं, ट्रकनं नाहीतर मोटारीनं. शिवाय पुण्याकडे जाणारा शीव-पनवेल रस्ता इथूनच जातो, आणि मुंबईतले मोठमोठे घाऊक बाजारही पुढे इकडे आले. जिथं चाकं, तिथं मिस्त्री. हिशेब सोपा आहे!

अशाच एका दवाखान्यात मी पाहिलेल्या एका 'पेशंट'ची ही हकिकत.

पेशंट होती क्रीम रंगाची प्रीमियर पद्मिनी. तुमच्यापैकी अनेकांनी ही गाडी जुन्या चित्रपटांतच पाहिली असेल. तुमच्या आई-बाबांना विचारा, ते लगेच म्हणतील, "अरे, फियाट!" मूळ नमुना इटलीच्या फियाट कंपनीचा, पण गाडी बनायची आपल्या कुर्ल्याला. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली होती. १०८९ सी.सी.चं चार सिलिंडरचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यालाच लावलेला गिअर ही तिची ओळख. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदली गेली होती. टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षं, त्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली.

आपली ही पेशंट मात्र टॅक्सी नव्हती. नेरुळच्या एका निवृत्त मास्तरांची ती घरची गाडी. मास्तरांबरोबर सातवीत शिकणारी त्यांची नातही आली होती. मास्तरांचा चेहरा काळजीचा होता.

"मिस्त्री, गाडी चालता चालता मध्येच बंद पडते. मग कितीही सेल्फ मारा, सुरू होत नाही. अर्ध्या तासानं आपोआप सुरू होते! आणि बंद पडते कुठं, तर बरोबर खाडीपुलावर. परवा पुलाच्या मध्यावर पडली. मागून ट्रक हॉर्न मारतायत, गाडीत हिची आजी बसलेली. आजीनं तर आता या गाडीत बसायचंच सोडलंय. मुलगा म्हणतो, भंगारात द्या. पुढच्या महिन्यात फेरनोंदणीची तारीख आहे. त्याआधी गाडी धड झाली तर ठेवीन, नाहीतर देऊन टाकीन."

पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. तेव्हा महिन्याभरात फैसला होणार होता.

"आत्तापर्यंत काय काय केलं, सर?" मिस्त्रींनी विचारलं.

मास्तरांनी पाढा वाचला. एकानं बॅटरी बदलली. दुसऱ्यानं पेट्रोलपंप बदलला, म्हणजे इंजिनाला लावलेला, टाकीतून पेट्रोल खेचणारा छोटा पंप. तिसऱ्यानं चारही प्लग बदलले. दर वेळी गाडी गॅरेजबाहेर झोकात निघाली आणि पुलावर जाऊन रुसली. शेवटी शेजारी म्हणाले, खाडीचा खारा वारा तिला मानवत नाही!

मिस्त्री हसले. म्हणाले, "सर, आधी विचारायचं, मग पाना उचलायचा. बंद पडल्यावर सेल्फ कसा फिरतो? जोरात की रडत-रडत?"

"जोरात फिरतो."

"मग बॅटरीला कशाला दोष द्यायचा? बॅटरी उतरली असती तर सेल्फ नुसता कट-कट करून थांबला असता."

मुलांनो, पाहा बरं. गाडीला हात न लावता एक संशयित सुटला!

आता पुढचं समजायला पेट्रोलच्या इंजिनाला काय काय लागतं ते पाहू. आईनं गॅसची शेगडी पेटवली की काय लागतं? गॅस, हवा आणि ठिणगी. इंजिनालाही तेच लागतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. जुन्या गाडीत हे मिश्रण करायचं काम कार्बोरेटर करतो. सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजे पिस्टन, ते मिश्रण दाबतो आणि नेमक्या क्षणी प्लगमधून ठिणगी उडते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला किती ठिणग्या लागतात? दर फेऱ्याला दोन. करा गुणाकार-भागाकार! उत्तर येतं, सेकंदाला १०० ठिणग्या. पेट्रोल, हवा, दाब आणि वेळेवर ठिणगी, यातलं एक जरी चुकलं की गाडी गप्प.

"पण पुलावरच का?" मास्तरांनी पुन्हा विचारलं.

तेव्हा नातीनं दप्तरातून एक वही काढली. "आजोबा, दर वेळी पुलावर नाही काही! मी लिहून ठेवलंय."

वहीत सात नोंदी होत्या. कुठून निघालो, किती वाजता, कुठं बंद पडलो, पेट्रोलचा काटा कुठं होता, ऊन की पाऊस. पाच वेळा गाडी पुलाच्या आसपास बंद पडली होती हे खरं. पण एकदा पनवेलला जाताना खारघरला, आणि एकदा ठाण्याकडे जाताना घणसोलीला. घणसोलीच्या रस्त्यात कुठला आलाय पूल? मिस्त्रींनी वही हातात घेतली आणि 'निघाल्यावर किती मिनिटांनी' हा रकाना बोटानं खाली वाचत नेला. २२, २५, २०, २४, २१, २३, २५.

"हे बघा सर, तुमच्या गाडीला पूल माहीत नाही. तिला मिनिटं माहीत आहेत. नेरुळहून निघा नाहीतर चेंबूरहून परत या, वीस-पंचवीस मिनिटांनी येतं काय? पूल! म्हणून पुलाचं नाव खराब झालं. ही गाडी तापल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर उठते. पाऊस असला तरी तेच, टाकी भरलेली असली तरी तेच."

केवढा फरक पडला पाहा! खारा वारा आणि ओल हे संशयित गेले. टाकीतलं पेट्रोल संपणं गेलं. उरली उष्णता. पण उष्णतेनं दोन आजार होऊ शकतात, आणि दोन्हींची लक्षणं अगदी सारखी असतात.

पहिला आजार पेट्रोलचा. पेट्रोलचा हलका भाग ३५ ते ४० अंश सेल्सियसलाच उकळू लागतो. ट्रॅफिकमध्ये इंजिन खूप तापलं की नळीतच पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव खेचायला बनवलेला, वाफेपुढे तो हतबल होतो. याला 'व्हेपर लॉक' म्हणतात. जुन्या फियाटवाल्यांचा यावर एक घरगुती उपाय असे, पेट्रोलपंपावर ओलं फडकं गुंडाळायचं!

दुसरा आजार ठिणगीचा. बॅटरी देते फक्त १२ व्होल्ट. तेवढ्यानं प्लगच्या फटीत ठिणगी पडत नाही, हजारो व्होल्ट लागतात. ते काम 'इग्निशन कॉइल' नावाचा डबा करतो. त्यात एकावर एक अशी तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एकातला प्रवाह झटक्यात तोडला की दुसऱ्यात जबर दाबाची वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली हे तत्त्व शोधलं. आज ना उद्या विज्ञानाच्या पुस्तकात ते तुम्हांला भेटेलच. ही तार केसासारखी बारीक असते आणि तिच्यावर रोगणाचं पातळ आवरण असतं. जुन्या कॉइलमध्ये तापल्यावर तार प्रसरण पावते, कुठंतरी जोड सुटतो किंवा आवरण फाटलेल्या जागी वीज भलतीकडे पळते. थंड झाली की पुन्हा सगळं जागच्या जागी! प्रवाह तोडणाऱ्या पॉइंटजवळचा 'कंडेन्सर' हा छोटा भागही असाच उष्णतेनं दगा देऊ शकतो.

"मग आजार ओळखायचा कसा?" नातीनं विचारलं.

"तो अंगात असतानाच पकडायचा, बाळा. गॅरेजमध्ये आली की गाडी शहाण्या मुलासारखी वागते. चला, तिला फिरवून आणू."

मिस्त्रींनी एक जुना प्लग, एक तपासणीचा दिवा, पाण्याची बाटली आणि फडकं बरोबर घेतलं. ठाणे-बेलापूर रस्त्यानं रबाळ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं ठरलं. नात घड्याळ बघत होती. परतताना पावण्याजवळ, बरोबर चोविसाव्या मिनिटाला गाडीनं एक आचका दिला, दोन गचके खाल्ले आणि गप्प झाली. मिस्त्री खूष! "आली सापडली!" सगळ्यांनी ढकलून तिला रस्त्याच्या कडेला घेतलं.

पहिली परीक्षा पेट्रोलची. कार्बोरेटरवरचं एअर फिल्टरचं झाकण काढून मिस्त्रींनी हातानं ॲक्सिलरेटरची दांडी हलवली. आत पेट्रोलची बारीक धार उडाली. म्हणजे पेट्रोल पोचतंय. व्हेपर लॉक सुटला!

झाकण पुन्हा घट्ट बसवून, सांडलेलं पेट्रोल नाही ना हे पाहून दुसरी परीक्षा. ठिणगी आणि पेट्रोलचा वास एकत्र नको, म्हणून ही काळजी. कॉइलच्या मधल्या वायरला जुना प्लग लावून तो इंजिनाच्या धातूला टेकवला आणि मास्तरांना सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी? अजिबात नाही.

तिसरी परीक्षा. तपासणीचा दिवा कॉइलच्या एका टोकाला लावला, तो लागला. म्हणजे बॅटरीची वीज कॉइलपर्यंत येते. दुसऱ्या टोकाला लावून सेल्फ मारला तर दिवा लुकलुकला. म्हणजे पॉइंट उघड-मिट करत आहेत. आत वीज जाते, बाहेर ठिणगी येत नाही. आता संशयित उरले दोनच, कॉइल आणि कंडेन्सर.

इथं मिस्त्रींनी जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी फडकं ओलं केलं, पिळलं आणि वायरींच्या टोकांपासून दूर, फक्त कॉइलच्या डब्याभोवती गुंडाळलं. बाकी कशालाही हात लावला नाही. दहाएक मिनिटं फडकं पुन्हा पुन्हा ओलं केलं. मग सेल्फ मारला. प्लगच्या टोकाला टिच्‌ टिच्‌ करीत निळी ठिणगी नाचू लागली!

"कंडेन्सर अजून गरमच आहे," मिस्त्री नातीला म्हणाले, "थंड केली फक्त कॉइल. मग गुन्हेगार कोण?"

"कॉइल!"

गॅरेजमध्ये नवी कॉइल बसली. हजार रुपयांच्या आतला मामला. त्याआधी जे जे बदललं होतं, त्याला याच्या कितीतरी पट खर्च झाला होता. मिस्त्रींनी लगेच गाडी सोडली नाही. "एकदा सुरू झाली म्हणजे बरी झाली असं नसतं. जिथं नापास झाली तोच पेपर पुन्हा द्यायला हवा," असं म्हणून त्यांनी त्याच रस्त्यानं दोन फेऱ्या मारायला लावल्या. पन्नास मिनिटं गाडी एकदाही अडखळली नाही. मास्तरांनी फेरनोंदणीचे कागद पुन्हा पिशवीत नीट ठेवले. "आजीला पुलावरून नेऊन आणल्याशिवाय मी काही बोलणार नाही," नात म्हणाली, आणि वहीत आठवी नोंद केली.

मुलांनो, मोटारीच्या दुरुस्तीचा इतिहास खुद्द मोटारीइतकाच जुना आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ या बाईंनी पती कार्ल बेंझ यांची मोटार घेऊन मानहाइम ते फोर्झहाइम असा शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास केला. मोटारीतला तो पहिला लांबचा प्रवास मानला जातो. बरोबर कोण होतं? त्यांचे दोन मुलगे, पंधरा वर्षांचा ऑइगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड! वाटेत इंधनाची नळी तुंबली. बर्थाबाईंनी टोपीची लांब पिन घालून ती मोकळी केली. ठिणगीची वायर उघडी पडली, तर मोजे बांधायच्या पट्ट्यानं ती झाकली. इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून विकत घेतलं, आणि चढावर मुलांनी गाडी ढकलली. एक आजार पेट्रोलचा आणि एक ठिणगीचा. तेव्हाही तेच आणि पावण्याजवळही तेच!

आपल्या हवेत जुन्या गाडीचे आणखीही रुसवे असतात. रात्रभर मुसळधार पाऊस पडला आणि सकाळी गाडी सुरू होत नसेल, तर डिस्ट्रीब्यूटरच्या झाकणात आणि जाड वायरींवर ओल धरलेली असू शकते. मिस्त्री ती कोरड्या फडक्यानं पुसून घेतात. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली की वीज अडते. सेल्फ मारून मारून पेट्रोलचा उग्र वास यायला लागला, तर इंजिनात जादा पेट्रोल गेलं असं समजावं आणि थोडा वेळ थांबावं.

एक नवं कारणही आलं आहे. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलं जातं. हे उद्दिष्ट देशानं २०२५ साली गाठलं. इथेनॉल उसापासूनही बनतं, तेव्हा आपल्या साखर कारखान्यांचाही त्यात वाटा आहे. परंतु जुन्या गाड्यांतल्या रबरी नळ्या आणि पडदे या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात. टाकीच्या तळाची जुनी घाणही सुटून फिल्टर तुंबवते. मिस्त्रींनी मास्तरांच्या गाडीची पेट्रोलची नळी दोन बोटांत दाबून पाहिली. तिच्यावर बारीक चिरा होत्या. तीही त्यांनी बदलली, कारण पेट्रोल गळणं म्हणजे आगीला आमंत्रण.

आजच्या गाड्यांत कार्बोरेटर नाही, पॉइंटही नाहीत. संगणकच इंधन आणि ठिणगी सांभाळतो आणि बिघाड झाला की सांकेतिक क्रमांक दाखवतो. पण तो क्रमांक म्हणजे नुसता पत्ता. त्या घरात नेमकं कोण आजारी आहे, हे शेवटी माणसालाच शोधावं लागतं.

आणि हो, पुलावर किंवा हमरस्त्यावर गाडी बंद पडलीच, तर दुरुस्ती नंतर. आधी मोठ्यांनी ती शक्य तितकी डावीकडे घ्यावी, इशाऱ्याचे दिवे लावावेत. सगळ्यांनी डाव्या बाजूनं उतरून वाहनांपासून दूर उभं राहावं आणि ११२ क्रमांकावर मदत मागावी. इंजिनात हात घालायचं काम मुलांचं नाही. कॉइलचा झटका फार जबर असतो. तुमचं काम वहीचं! कुठं, केव्हा, किती मिनिटांनी आणि कसा आवाज करून बंद पडली, एवढं लिहून मिस्त्रींना दिलं तरी त्यांचं अर्धं काम झालं.

सराव आजच करता येईल. घरातला टॉर्च लागत नसेल तर सेल, बल्ब आणि बटण हे तीन संशयित. तिन्ही एकदम बदलू नका. एका वेळी एकच बदला, आणि बदलण्याआधी वहीत लिहा, की तुमचा संशय कुणावर आहे आणि का. मग टॉर्च लावून पाहा, तुमचं उत्तर बरोबर आलं का ते!